चोवीस रात्री आणि एक पत्ता

लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत त्या दोघा भावांना नावाने कुणी हाक मारत नसे. थोरला तो वरचा आणि धाकटा तो खालचा. यात मानापमान काही नव्हता, कामाची वाटणीच तशी होती. नव्या इमारतीत लिफ्ट बसवायची म्हणजे एक माणूस केबिनच्या छपरावर उभा, हातात बटणांची पेटी. दुसरा तळाच्या खड्ड्यात, डोक्याला दिवा बांधून. मध्ये नुसता अंधार. वरच्याने म्हणायचं, "खाली घेतो." खालच्याने तेच शब्द परत द्यायचे, "खाली घे." गाणाऱ्याची ओळ मागच्या साथीदाराने उचलावी तसे ते शब्द तळातून वर यायचे, आणि ते आल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. सव्वीस वर्षं दोघांनी हा नियम श्वासासारखा पाळला. एक दिवस सोडून.

त्या एका दिवसाकडे आपल्याला यायचंच आहे. पण आधी पॉइंटांचं सांगायला हवं, कारण गोष्ट अडली ती तिथे.

काम गावोगावचं. जिथे इमारत उठेल तिथे महिना-दीड महिना मुक्काम. कंपनीने एका हॉटेलवाल्यांशी ठरवून टाकलं होतं, त्यांची हॉटेलं सगळीकडे होती, त्यामुळे गाव बदललं तरी खोली तीच वाटायची: दोन खाटा, मध्ये एक दिवा, भिंतीवर कसलं ते न कळणारं चित्र. पोचल्यावर खालचा गाडीतून अवजारांच्या पेट्या उतरवायचा आणि वरचा काउंटरवर जाऊन सही करायचा. सही त्याची, म्हणून मुक्कामाचे पॉइंटही, ज्यांवर पुढे फुकट खोली मिळते ते, त्याच्याच कार्डावर. खालच्याकडेही कार्ड होतं. पहिल्याच रात्री वरच्याने स्वतःच्या हाताने त्याचा फॉर्म भरला होता, कारण फॉर्म दिसला की खालच्याला ताप भरायचा. पण ते कार्ड कोरं ते कोरंच राहिलं. वरचा अधूनमधून म्हणायचा, यातले निम्मे तुझे हं. त्यावर खालचा पायमोजे काढता काढता सांगायचा, "राहू दे रे दादा, तू जाशील तिथे मी असणारच आहे."

आता वरच्याला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. गुडघे बोलायला लागले होते. सकाळी देवापुढे बसायचं, मग पेपर, मग खिडकी. कार्डावर दोन लाख चाळीस हजार पॉइंट पडून होते आणि त्याने त्यांना हात लावला नव्हता. लावायची सोयच नव्हती मनाला. त्यातले निम्मे ज्याचे, त्याच्याशी आठ वर्षं बोलणं नव्हतं.

बोलणं पुरुषांचं नव्हतं. जावांचं कधी थांबलंच नाही. दर बुधवारी थोरलीचा फोन धाकटीला जायचा, नाहीतर धाकटीचा थोरलीला यायचा, आणि दोन्ही घरचे पुरुष त्या वेळी पेपरात इतके बुडून जायचे की पेपरवाल्यालाही धन्य वाटावं. या बुधवारी थोरली फोन ठेवून बराच वेळ ओट्यापाशी नुसती उभी राहिली. मग तिने नवऱ्याकडे न बघता सांगितलं. धाकटीच्या गळ्यापाशी गाठ निघाली होती. वेळेत सापडली, डॉक्टर आशेवर आहेत. पण सोमवारपासून सलग एकवीस दिवस किरणांचे उपचार घ्यायचे, आणि ते यंत्र त्यांच्या गावात नाही. मोठ्या शहरातल्या इस्पितळात आहे. गाडीने चार तास जायला, चार तास यायला. तिथे राहायला ओळखीचं कुणी नाही, म्हणून खालच्याने ठरवलं होतं की रोज न्यायचं, रोज आणायचं. मागच्या सीटवर उशी ठेवून ती आडवी होईल.

"रोज आठ तास," थोरली म्हणाली. "उपचाराने जेवढी थकणार नाही तेवढी गाडीत थकेल. आणि चालवणाऱ्याचा डावा खांदा कसा आहे, ते तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतं. ते इस्पितळही वरच्याला माहीत होतं. त्याच्या तिन्ही लिफ्ट याच दोघांनी बसवल्या होत्या. रस्ता ओलांडला की समोर त्याच हॉटेलवाल्यांचं हॉटेल. खिडकीतून इस्पितळाचा दरवाजा दिसतो. तिथे एका रात्रीला दहा हजार पॉइंट पडतात. एकवीस रात्री लागणार, आणि कार्डावर होत्या चोवीस. देवाने बोट धरून दाखवावं इतका सरळ हिशेब.

पण त्या पॉइंटांना एक अट होती: ज्याचं कार्ड त्याने स्वतः काउंटरवर उभं राहायचं आणि खोलीत स्वतः राहायचं. दुसऱ्यासाठी खोली घेता येत नव्हती. आता वरचा काही एवढ्याने हटणारा नव्हता. त्याने नियमांची पुस्तिका काढली, चष्मा पुसला आणि रात्रीच्या जेवणाआधी एक वाट शोधून काढली. हॉटेलचे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवता येतात. विमान कंपनीच्या खात्यातून ते पुन्हा हॉटेलकडे पाठवता येतात, आणि या परतीच्या फेऱ्यात ते कुणाच्याही कार्डावर टाकता येतात. शिवाय, आणि इथे वरच्याचा चेहरा उजळला, पाठवणाऱ्याचं नाव त्यावर येत नाही. खालच्याला वाटेल, कुठल्याशा योजनेत आपला नंबर लागला. कुणी विचारायला नको, कुणी आभार मानायला नको, कुणी नाही म्हणायलाही नको.

गुरुवारी सकाळी त्याने हॉटेलच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. समोर थोरली त्याच्या सदऱ्याला बटण लावत बसली होती. पलीकडची बाई तरुण असावी, पण घाई नसलेली. दर वाक्याला "एक क्षण हं" म्हणायची आणि खरोखर एका क्षणातच परत यायची. वरच्याने तिला सगळी वाट समजावून सांगितली, जणू तिलाच ती नवी होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, काका, होईल. पण जाताना तिनाचा एक होतो, आणि येताना दोनाचा एक.

वरच्याने पेपरच्या कडेवर आकडे मांडले. दोन लाख चाळीस हजारांचे ऐंशी हजार. ऐंशीचे चाळीस. चोवीस रात्री घरातून निघाल्या आणि भावाच्या दारात पोचल्या चार.

"आणि दिवस किती लागतील?" त्याने विचारलं.

दोन्ही फेरे मिळून तीन आठवडे तरी, बाई म्हणाली.

म्हणजे उपचार संपतील त्या दिवशी चार रात्री हजर. वरचा आकड्यांकडे बघत राहिला. आयुष्यभर त्याने वजनं वर-खाली नेली होती, पण वाटेतच एवढं वजन गळून जाणारी लिफ्ट त्याने पाहिली नव्हती. तरी तो पुटपुटला, की चार तर चार, तेवढ्या तरी जाऊ देत. पुण्याचं काम आहे, नाव न सांगता केलं तर गुप्तदान म्हणून देवाकडे जास्तच रुजू होईल.

थोरलीने दोऱ्याला गाठ मारली. "अहो, देताना हात झाकला तर ते गुप्तदान. तुम्ही तोंड लपवताय. तोंड लपवायला वीस रात्री द्यायच्या, तेही तिच्या आजारपणातल्या?"

आता त्या एका दिवसाचं सांगतो.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. बाराव्या मजल्याचं काम संपत आलेलं, शेवटचा फेरा, जेवणाची वेळ टळून गेलेली. वरचा छपरावरून म्हणाला, "खाली घेतो." आणि त्याने बटण दाबलं. थांबला नाही. सव्वीस वर्षं उत्तर येतच होतं, ते आजही येणार, असं धरून चालला. खालचा त्या वेळी खड्ड्यात वाकून पान्हा शोधत होता. केबिन डोक्यावर आली तेव्हा त्याने कोपऱ्यात अंग टाकलं म्हणून जिवावरचं खांद्यावर निभावलं. पुढे चौकशी झाली. साहेबाने एकच प्रश्न विचारला: खालून उत्तर आलं होतं का? नाही म्हटलं असतं तर वरच्याचा परवाना गेला असता. तो म्हणाला, हो, आलं होतं. कागदावर लिहिलंही गेलं. म्हणजे खालच्याने "खाली घे" म्हटलं आणि स्वतःच जागेवरून हलला नाही, असा त्याचा अर्थ झाला. त्याला लिफ्टच्या कामावरून काढून सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. तो कागद त्याने इस्पितळाच्या खाटेवर वाचला. भांडला नाही. भांडला असता तर मिटलं तरी असतं. महिन्याभरात त्याने घराच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या केल्या आणि बायकोच्या माहेरगावी निघून गेला.

वरचा तेव्हापासून रोज प्रार्थना करत होता. सगळ्यांसाठी करायचा, भावासाठीही करायचा. फक्त 'खोटं' या एका शब्दापाशी आला की त्याची प्रार्थना पुढच्या मजल्यावर निघून जायची.

फोनमधली बाई थांबली होती. मग तिने अगदी अदबीने विचारलं, की काका, ज्यांना द्यायचेत ते कोण तुमचे? धाकटा भाऊ, वरचा म्हणाला. मग एवढा वळसा कशाला, ती म्हणाली. एकाच घरातल्या दोन सभासदांना पॉइंट सरळ एकमेकांच्या कार्डावर देता येतात. एकाही पॉइंटला कात्री लागत नाही आणि काम लगेच होतं. दोघांचा नोंदवलेला पत्ता एक असला की झालं.

वरच्याने मान हलवली. फोनवर मान दिसत नाही हे लक्षात येऊन मग तोंडाने सांगितलं, की आमचं घर आता एक नाही.

बरं, बाई म्हणाली, तरी नंबर द्या, मी बघते.

भावाचा सभासद क्रमांक त्याला तोंडपाठ होता. स्वतःचा पाहून सांगावा लागायचा, पण हा त्याने त्या पहिल्या रात्री स्वतः लिहिला होता. त्याने एकेक आकडा सांगितला. पलीकडे कळफलक वाजला.

"एक क्षण हं. काका, पत्ता तर एकच आहे."

वरचा म्हणाला, जुना असेल, बदलायचा राहिला असेल, त्याचं कागदपत्रांचं असंच आहे. बाई म्हणाली, तसं नाही. आम्ही दर वर्षी फोनवर विचारतो, हाच पत्ता कायम आहे का म्हणून. त्यांनी दर वर्षी होय कळवलंय. आठही वर्षं. मागच्या महिन्यातसुद्धा.

टेबलावर सदरा तसाच टाकून थोरली उठली. शिवणाच्या डब्याखालचा खण तिने ओढला आणि पाकिटांचा एक गठ्ठा आणून नवऱ्यापुढे ठेवला. हॉटेलवाल्यांची आठ वर्षांची आठ पाकिटं, एकही न फोडलेलं. सगळ्यांवर खालच्याचं नाव, आणि खाली या घराचा पत्ता.

"तुला माहीत होतं," वरचा म्हणाला.

तिने सुई पुन्हा हातात घेतली. विचारलं असतंत तर सांगितलं असतं, एवढंच म्हणाली.

आता माणूस भित्रा होता, पण लबाड नव्हता. एकदा खोटं लिहून काय होतं ते त्याने आठ वर्षं पाहिलं होतं. त्याने फोनकडे वाकून स्पष्ट सांगितलं, की ताई, कागदावर काही असो, माझा भाऊ इथे राहत नाही. दोन जिल्हे सोडून राहतो. हे लपवून मला काही नको.

बाई जराशी हसल्यासारखी वाटली. म्हणाली, "काका, आमचा नियम नोंदवलेला पत्ता विचारतो. कोण कुठे झोपतं ते नाही. तसं बघितलं तर तुम्ही दोघं आयुष्यभर आमच्याचकडे झोपलात."

मग तिने पुढची पायरी सांगितली. भावाच्या फोनवर सहा आकडे जातील. ते त्यांनी तुम्हाला सांगायचे, तुम्ही मला. म्हणजे त्यांची संमती झाली. आकडे दहा मिनिटं चालतील. पाठवू का?

वरच्याने बायकोकडे पाहिलं. तिने स्वतःचा फोन त्याच्यापुढे सरकवला आणि सुईत दोरा ओवण्यात डोकं घातलं. सुईत दोरा आधीच होता.

पाठवा, तो म्हणाला.

थोरलीच्या फोनवर नंबर लावला. पलीकडून लगेच आवाज आला, "बोला वहिनी." आवाज तोच, किंचित खोल गेलेला. पलीकडून पुन्हा विचारणा झाली, वहिनी, ऐकू येतंय का? तेव्हा कुठे तो म्हणाला, "मी आहे. वरून."

फोन बंद झाला का म्हणून त्याने पाहिलं. झाला नव्हता.

मग तो भराभर बोलत सुटला. इस्पितळ, समोरचं हॉटेल, चोवीस रात्री, एकच पत्ता, सहा आकडे, दहा मिनिटं. एका श्वासात सगळे मजले चढून गेला. खालच्याने मध्ये तोंड घातलं नाही. आकडे आलेत, तो म्हणाला. पण मला कुणाचे पॉइंट नकोत. माझी गाडी चांगली आहे.

निम्मे तुझेच आहेत, वरचा म्हणाला.

"मग बारा झाल्या. उरलेल्या नऊ रात्री तिला गाडीतच झोपवतो, तू काळजी करू नकोस."

हा टोमणा लागला, पण त्याच्यामुळेच वरच्याला जमीन सापडली. जुना खालचा बोलला होता. टेबलावर बाईचा फोन गप्प होता. ती बिचारी श्वाससुद्धा बेताने घेत असावी. भिंतीवरच्या घड्याळात सहा मिनिटं उरली होती. देव्हाऱ्यापुढे जो शब्द वर्षानुवर्षं गिळला तो देवाने बहुधा याच टेबलासाठी राखून ठेवला होता, असं वरच्याला वाटलं. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"त्या दिवशी उत्तर आलं नव्हतं," तो म्हणाला.

थोरलीची सुई थांबली.

"मी म्हटलं, खाली घेतो, आणि वाट न बघता बटण दाबलं. भूक लागली होती, बाकी काही कारण नव्हतं. साहेबाला सांगितलं ते खोटं होतं. परवान्याच्या भीतीने सांगितलं. मी कंपनीलाही तसं लिहून देतो. पॉइंट घे किंवा नको घेऊस, ते लिहून देणारच आहे. पण तिला आठ तास गाडीत नको नेऊस."

त्याचं बोलणं संपलं. पुढे बोलायची ऊर्मी आली होती, कारणं द्यायची, रडायची, वयाचा हवाला द्यायची. त्याने ती दाबली. सव्वीस वर्षांच्या कामाने त्याला एवढंच तर शिकवलं होतं: आपले शब्द खाली सोडायचे आणि मग थांबायचं. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. पलीकडे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला, एक बाई काहीतरी विचारत होती, आणि तिला कुणी उत्तर दिलं नाही.

मग तळातून, शब्दाला शब्द, परत आलं.

"उत्तर आलं नव्हतं."

एवढंच. माफ केलं नाही, केलं नाही असंही नाही. पण लिफ्टच्या कामात शब्द परत येणं म्हणजे काय, ते या दोघांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वरच्याचे डोळे वाहायला लागले आणि त्याने ते पुसले नाहीत, कारण हात टेबलावरून उचलायचं त्याला सुचलं नाही.

"तीन मिनिटं, काका," दुसऱ्या फोनमधून बाई हळूच म्हणाली.

"लिहून घे," खालचा म्हणाला. "चार."

"चार."

"शून्य."

"शून्य."

असे सहाही आकडे खालून आले. प्रत्येक आकडा वरच्याने परत दिला, आणि परत दिल्याशिवाय पुढचा आला नाही. या खेपेला उत्तर द्यायचं काम वरच्याकडे होतं. बाईने कळफलक वाजवला, एक क्षण हं म्हणाली, आणि सांगितलं की चोवीसच्या चोवीस रात्री पोचल्या. मग तिने नियमाप्रमाणे विचारलं, आणखी काही मदत हवी आहे का. नको ताई, वरचा म्हणाला, देव तुमचं भलं करो. ती थोडी घोटाळली. या वाक्याला काय उत्तर द्यायचं ते तिच्या पुस्तिकेत नसावं.

थोरलीच्या फोनवर खालचा अजून होताच. एकवीसच लागतात, तीन उरतील, तो म्हणाला. वरचा म्हणाला, असू देत. मग न राहवून विचारलं, "पत्ता का नाही बदललास रे?"

"नाही म्हटलं की नवा फॉर्म भरावा लागतो," खालचा म्हणाला. "फॉर्म तू भरायचास."

खालच्याने मग जरा ओशाळून विचारलं, की काउंटरवर काय म्हणायचं असतं. सव्वीस वर्षांत तो पेट्या उतरवण्यापलीकडे गेलाच नव्हता. वरच्याने त्याला शिकवलं: कार्ड पुढे करायचं, दोन खाटांची खोली मागायची, इस्पितळाकडच्या खिडकीची, पाचव्या मजल्याच्या आत. इस्पितळातली मधली लिफ्ट जरा धक्का देते, धाकटीला डावीकडच्या लिफ्टने ने.

"मधलीचा खड्डा ओला असायचा," खालचा म्हणाला. "तेव्हाच सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस," वरचा म्हणाला.

थोरलीने दात लावून दोरा तोडला आणि सदरा झटकून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग उठून गेली ती कपाटावरची प्रवासाची बॅग उतरवायला. वरच्याने तिच्याकडे पाहिलं, पाकिटांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि फोन तोंडाजवळ धरला.

"रविवारी येतो," तो म्हणाला.

आणि थांबला. आतल्या खोलीत बॅगेची चेन अर्ध्यावर अडकली होती, थोरली ती ओढत होती. तो उठला नाही.

"रविवारी ये," खालून आलं.